थीम ठरली, यादीचं काय?

मार्गशीर्षातले गुरुवार संपत आले की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. "ताई, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काहीतरी वेगळं करायचंय. एखादी छानशी थीम सुचवा ना!" परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंचा असाच फोन आला. मी म्हटलं, "सुचवते, पण आधी मला एक सांगा, तुमची बोलावण्याची यादी कोण काढतं?" पलीकडे जरा शांतता. "यादी? ती काय, दरवर्षीचीच असते की."

मैत्रिणींनो, मी असं का विचारलं ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

संसार, मुलांच्या शाळा आणि सासूबाईंची पथ्यं सांभाळून गेली सतरा-अठरा वर्षं मी आमच्या गावातल्या मंडळाचं काम करतेय. बी.ए.ला मराठी घेतलं, त्याचा उपयोग निमंत्रणपत्रिकेतल्या चार ओळींपुरताच झाला, असं आमच्याकडे ह्यांचं म्हणणं! पण कार्यक्रम आखायची मला पहिल्यापासून हौस. एका वर्षी पतंगांची सजावट, एका वर्षी सगळ्याजणींनी घरी केलेल्या हलव्याच्या दागिन्यांचं प्रदर्शन. एकदा 'आजीच्या पेटीतलं' म्हणून प्रत्येकीनं एक जुनी वस्तू आणायची होती. कुणी अडकित्ता आणला, कुणी फिरकीचा तांब्या, तर एकीनं चक्क रिक्षात घालून जातं आणलं. टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'नंतर पैठणीचा खेळही आम्ही दोन वर्षं केला. गावात माझं नावच पडलं होतं, 'आयडियावाल्या ताई'.

आता तर आमच्यासारख्या गावातही इव्हेंटवाले आलेत. फुग्यांची कमान, सेल्फी पॉइंट, साउंड, माइक घेतलेला निवेदक, असं सगळं पॅकेजच मिळतं. त्यांच्यावर माझा राग नाही. गावातल्या चार मुलामुलींना त्यातून काम मिळतंय. पण फुग्यांच्या कमानीलाच आपण कल्पकता म्हणायला लागलो, तर चुकतंय कुठेतरी.

खरं तर कार्यक्रम कसा आखावा हे आपल्या आज्या-पणज्यांकडून शिकावं. भोंडलाच घ्या. कुठे त्याला हादगा म्हणतात, कुठे भुलाबाई. मध्ये पाट, पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर आणि शेवटी खिरापत. खर्च जवळपास नाही. रोज वेगळ्या घरी, म्हणजे यजमानपणाचा मान प्रत्येकीला. आणि खिरापतीचा डबा झाकलेला! आत बंगल्यातल्या काजूच्या वड्या आहेत की दोन खोल्यांच्या घरातली मुरमुऱ्यांची भेळ आहे, हे झाकण उघडेपर्यंत कळत नाही. ओळखण्याची गंमत दोन्ही घरी सारखीच. कुणीही कमी वाटू नये याची किती साधी सोय होती ती! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला उन्हाच्या वेळी कैरीचं पन्हं आणि आंबेडाळ, संक्रांतीच्या सुगडात शेतातून नुकताच आलेला हरभरा, ऊस, बोरं, गाजर. मंगळागौरीला रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. एरवी मोठ्यानं हसायचीही चोरी असलेल्या सुनांना एक रात्र हक्काची. मनुष्यस्वभाव ओळखून केलेली आखणी होती ती.

पण या एवढ्या सुंदर आखणीत एक जागा रिकामी राहत होती. ती माझ्या नजरेला पडायला २०१९ ची संक्रांत उजाडावी लागली.

आमच्या मंडळाच्या खजिनदार वहिनी म्हणजे मंडळाचा कणा. अक्षर मोत्यासारखं, हिशोब चोख. दुकानदाराशी घासाघीस करावी ती त्यांनीच. त्यांचे यजमान आधीच्या दिवाळीत गेले. तरी संक्रांतीच्या आठ दिवस आधीपासून वहिनी नेहमीप्रमाणे कामाला लागल्या. दीडशे वाणांच्या पिशव्या त्यांच्याच पडवीत बांधून झाल्या. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांनी माझ्या हातात पैशांचा डबा आणि किल्ली ठेवली. म्हणाल्या, "सुट्टे वरच्या कप्प्यात आहेत. मी निघते."

मी तेव्हा स्टुलावर चढून पतंगाची दोरी बांधत होते. मी काय म्हटलं ठाऊक आहे? "बरं वहिनी, उद्या हिशोब बघू."

एवढंच. "थांबा ना" एवढे दोन शब्दही माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या मागच्या दारानं गेल्या. चार वाजता कार्यक्रम सुरू झाला आणि फार छान झाला, असं सगळ्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हिशोबाला बसलो. "किती वाणं उरली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नऊ." त्यांनी वहीत नऊ लिहिलं. उरलेल्यातलं एक त्यांच्या हातावर ठेवावं, हेही मला सुचलं नाही. मग वही चाळताना माझं लक्ष यादीकडे गेलं. दीडशे नावं, प्रत्येक नावाआधी 'सौ.'. मागची पानं उलटली. २०१८ च्या यादीत अठराव्या क्रमांकावर वहिनींचं स्वतःचं नाव होतं. २०१९ च्या यादीत अठराव्या क्रमांकावर दुसरंच नाव. अक्षर तेच, मोत्यासारखं. आपल्या हातानं स्वतःला वगळून त्यांनी यादी उतरवून काढली होती.

त्या दिवशी घरी आले ती काही न बोलता. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. सासरे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. दर हळदीकुंकवाला आईंचे गुडघे दुखायचे आणि त्या आतल्या खोलीत पडून राहायच्या. वातीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "अगं, माझेही गुडघे नेमके संक्रांतीलाच जास्त दुखतात. आठ वर्षांत तुझ्या ध्यानात आलं नाही होय?"

आयडियावाल्या ताईंना स्वतःच्या घरातली आतली खोलीसुद्धा दिसली नव्हती.

पुढच्या डिसेंबरात मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. यंदा सगळ्यांना बोलवायचं, विधवा, परित्यक्ता, अविवाहित, सगळ्यांना. अपेक्षेप्रमाणे कल्ला झाला. एक काकू म्हणाल्या, "हे सौभाग्याचं लेणं आहे, त्यात बदल कसा करायचा?" दुसरी म्हणाली, "बायका यायच्या नाहीत, मग वर्गणी कुठून जमणार?" मी त्यांना सावित्रीबाई फुल्यांच्या तिळगूळ समारंभाची गोष्ट सांगितली. १४ जानेवारी १८५२ ला पुण्यात त्यांच्या महिला सेवा मंडळानं तो केला होता. निमंत्रणातच स्पष्ट होतं की कुठल्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्या एकाच जाजमावर बसतील आणि भेदभाव न करता सगळ्यांना हळदीकुंकू लावून तिळगूळ वाटला जाईल. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानत, त्या काळात एक जाजम अंथरणं! मला तर वाटतं, महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यक्रमाची याहून धाडसी आखणी झाली नसेल. सजावट काहीच नाही, नुसतं एक जाजम.

"ते पुणं होतं," एकजण म्हणाली.

"आणि ते अठराशे बावन्न होतं," आमच्या वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. बैठकीत हशा पिकला आणि ठराव पास झाला.

पण खरी अडचण पुढेच होती. ज्यांना बोलवायचं ठरवलं त्यांनीच नकार दिला. "नको ताई, उद्या कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं की बोट माझ्याकडे दाखवतील." हे ऐकल्यावर समजलं की नुसतं 'या' म्हणून भागणार नाही. भाषण ठोकूनही हे सुटणार नाही. ज्या ज्या क्षणी बाईला आपण वेगळ्या आहोत असं वाटतं, तो तो क्षण शोधून कार्यक्रम तिथे बदलायला हवा. आणि तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की कल्पकता लागते ती इथे!

आम्ही काय काय बदललं ते सविस्तर सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल.

सुरुवात यादीपासून. 'सौ.' काढलं, 'श्रीमती'ही काढलं. नुसतं नाव आणि आडनाव. यादी आळीवार केली आणि घरोघर जाऊन लिहिली, जुन्या वहीवरून उतरवली नाही. दीडशेची यादी एकशे सत्तर झाली. वाढलेल्या नावांत पतीवेगळ्या राहणाऱ्या होत्या, बँकेत बदलून आलेली एकटी मुलगी होती, दोन नर्सबाई होत्या. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग बोलावणं. एकटीनं दारातून आत येणं हीच सगळ्यांत अवघड गोष्ट असते. म्हणून ठरवलं, प्रत्येकीनं शेजारणीला घेऊन जोडीनं यायचं. निमंत्रणातच तसं छापलं.

मग दार. आजवर दारात दोघी सुवासिनी हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी घेऊन उभ्या असत. विचार केल्यावर लक्षात आलं, सगळा घोटाळा या दारातच आहे. कपाळाकडे निघालेला हात कुणापाशी तरी थबकतो, आणि ते थबकणं ती बाई जन्मभर विसरत नाही. म्हणून दारात फक्त गुलाबपाणी आणि तिळगूळ. हळदीकुंकवाचा करंडा आत, मधोमध पाटावर, शेजारी छोटा आरसा. ज्या बाईला लावायचंय तिनं आपलं आपण लावावं, नाहीतर शेजारणीला लाव म्हणावं. नको असेल तर नको. विचारणारं कुणी नाही.

बसायला खुर्च्यांच्या रांगा नकोत, कारण रांग आली की पुढची आणि मागची आली. गोल जाजम अंथरलं. गुडघेवाल्यांच्या खुर्च्या मागे भिंतीला न लावता त्याच गोलात अधूनमधून ठेवल्या.

वेळही बदलली. दुपारी चारला अंगणवाडीताई, दुकानात काम करणाऱ्या, शेतावरून येणाऱ्या कशा येणार? साडेपाच ते आठ केली.

वाणाचीही गंमत. आदल्या वर्षी आम्ही कुंकवाचे करंडे लुटले होते. वाणच असं निवडलं तर काय उपयोग? या वेळी जुन्या साड्यांच्या पिशव्या मंडळातल्या बायकांनीच शिवल्या आणि आत मेथी, पालक, कोथिंबिरीचं बी घातलं. एका वाणाला बावीस रुपये पडले. करंड्याला चाळीस पडले होते. शिवाय प्रत्येकीच्या घरात सात-आठ प्लॅस्टिकच्या गाळण्या आणि साबणाच्या डब्या आधीच जमलेल्या असतात, त्यात भर पडली नाही.

आणि सुरुवात कशानं करायची? हे सुचवलं सासूबाईंनी. "भाषणानं नको गं. फेर धरा. फेरात पहिली कोण नि शेवटची कोण, कुणाला कळतंय?" नंतर भोंडल्यासारखी खिरापत, प्रत्येक आळीचा एक झाकलेला डबा.

आता तुम्ही विचाराल, झालं का सगळं छान? खरं सांगते, सगळं नाही झालं. एकशे सत्तरपैकी एकशे बारा आल्या. विधवा म्हणून ज्यांना आजवर वगळलं होतं अशा तेवीसजणींना बोलावलं होतं, त्यांतल्या नऊ आल्या. दोघी सुवासिनी दारातून आत डोकावून परत गेल्या. एकीच्या यजमानांचा रात्री फोन आला आणि मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. आलेल्या नऊजणींपैकी चारपाच जणी जाजम सोडून भिंतीलाच टेकून बसल्या. इतक्या वर्षांची सवय एका जाजमानं कशी जाईल?

खजिनदार वहिनी उशिरा आल्या आणि चपलांच्या ढिगाशेजारी उभ्या राहिल्या. फेर सुरू झाला तेव्हा आमच्या आईंनी, गुडघ्यांच्या तक्रारीसकट, जाऊन त्यांचा हात धरला. वहिनींनी त्या वर्षी कुंकू लावलं नाही. कुणी लाव म्हटलंही नाही. पण आमच्या आळीचा डबा कुणालाच ओळखता येईना, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "भोपळ्याच्या घाऱ्या!" बरोबर ओळखलं. कृती त्यांनीच दिली होती ना. मग सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी वर्षाचा हिशोब वाचला.

त्यानंतर करोना आला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनं आमच्या यादीतल्या सातजणींच्या घरावर घाला घातला. त्यांतली सर्वांत लहान सत्तावीस वर्षांची. त्याच वर्षी राज्य सरकारनं करोनात पती गमावलेल्या महिलांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. त्यांचे अर्ज भरून द्यायला मी जायची, तेव्हा मनात यायचं, जुनी यादी असती तर आपण या सातही नावांवर एकेक रेघ मारली असती. २०२३ च्या संक्रांतीला ती सत्तावीस वर्षांची मुलगी आपल्या लेकीला घेऊन आली. पाटापाशी गेली, हळदीचं बोट लावलं, कुंकवापाशी थांबली आणि लेकीला म्हणाली, "तू लाव." त्या चिमुरडीनं आईच्या नाकापर्यंत कुंकू माखलं. आम्ही सगळ्याजणी हसलो, ती पण हसली.

आमच्या मंडळातल्या एका तरुण मुलीचं म्हणणं आहे, "ताई, कुंकू ठेवायचंच कशाला? नुसता तिळगूळ समारंभ करा." तिचं चूक नाही. ज्या मंडळांना ते जमेल त्यांनी जरूर करावं. मला मात्र वाटतं, एखादीनं कुंकू लावावं की नाही हे आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. 'लावू नकोस' हे जसं दुसऱ्यांनी सांगितलं, तसं आता मी 'टाकून दे' का सांगावं? करंडा मध्ये राहू दे. ठरवू दे तिचं तिला.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. मागोमाग राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घ्यायला सांगितलं. फार मोठी गोष्ट झाली ती. पण ठराव होतो ग्रामपंचायतीत, आणि थबकलेला हात असतो आपल्या दारात. तिथे सरकार येऊन उभं राहणार नाही. तिथे आपणच उभ्या असतो, अत्तरदाणी घेऊन.

हे फक्त हळदीकुंकवाचं नाही. डोहाळजेवणाला मूल नसलेल्या नणंदेला कुठे बसवायचं, लग्नात ओवाळायला कोण पुढे येणार, बारशाला पाळण्याची दोरी कुणाच्या हातात द्यायची, या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एकजण हळूच मागे सरकत असते. सजावट बघताना ती दिसत नाही. यादी बघितली की दिसते.

म्हणून त्या अध्यक्षबाईंना मी एकच काम दिलं होतं. म्हटलं, "मागच्या पाच वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा आणि कुठली नावं गळली ते बघा. मग मला फोन करा, थीमचं तेव्हा बोलू."

काल त्यांचा फोन आला. आवाज जरा वेगळाच होता. "ताई, अकरा नावं निघाली. आणि..." त्या क्षणभर थांबल्या. "त्यातलं एक माझ्या सख्ख्या जावेचं आहे. एकाच वाड्यात राहतो हो आम्ही."

मी म्हटलं, "मग झालं तर! पहिलं बोलावणं तिथूनच सुरू करा. आणि थीमचं काय विचारत होतात?"

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "आधी एक मोठं जाजम मिळतंय का बघते."